कच्ची मूर्ती

हात मातीत नसला की कामथडीच्या चिमाजीचा जीव थाऱ्यावर नसायचा. बौद्धवाडीतल्या पडवीत तो मातीची माणसं घडवायचा आणि ओली असतानाच बाभळीच्या काट्यानं त्यांच्या अंगावर स्वतःच्या कविता कोरायचा. त्र्याहत्तर साली भोरला प्रदर्शन भरणार होतं. त्यासाठी त्यानं आई ठकुबाईचीच मूर्ती केली. दुष्काळात पाटलाच्या विहिरीपासून लांब, कुणी पाणी घालील म्हणून रिकामी घागर घेऊन बसलेली. कोंडिबा कुंभारानं ती भाजून दिली.

ठकुबाई मूर्तीभोवती फिरली. "पाठीवर काय लिवलंयस?"

चिमाजीनं वाचलं, "घागर काही भरली नाही, डोळे तेवढे भरले."

"खोटं हाय. म्या न्हाई रडले."

"आये, कवितेत तसं म्हनत्यात."

"मंग तू रड. मला कशापायी रडवतोस?"

चिमाजीला घास गोड लागेना. ओढ्यापर्यंत जाऊन तो तसाच माघारी आला. खिळ्यानं अक्षरं खरवडली, तर पाठीची खपली उडाली. शेवटी ती मूर्ती बाजूला सारून त्यानं नवी माती तुडवायला घेतली.

"रडली न्हाईस, मंग काय केलंस?"

ठकुबाईनं आधी दाराकडं पाहिलं. "नाव घेतलं पाटलीणबाईचं. आमच्यातल्या कुनी कदी घेतलं नव्हतं. 'सगुणे, पानी वत!' म्हनले. बाई दचकली. पर वतलं तिनं."

नव्या मूर्तीचं तोंड उघडं होतं, मानेच्या शिरा ताणलेल्या. छातीवर तेवढेच तीन शब्द. भाजायला सवड नव्हती. ओल्या फडक्यात गुंडाळून, मांडीवर सांभाळत चिमाजी एसटीनं भोरला पोचला.

प्रदर्शनाचे व्यवस्थापक वाकून बघत राहिले. "काम झकास आहे. पण हे नाव नको. पंचक्रोशीत ओळखतील लोक. ओलीच आहे, बोट फिरवा की झालं."

चिमाजीचा अंगठा मातीवर टेकला. त्या शब्दांपाशी गेला, आणि थांबला. मग त्यानं मूर्ती उचलली अन् बाहेर रस्त्याकडेच्या दगडावर मांडली.

बाजाराला आलेली माणसं थबकू लागली. एकानं मोठ्यानं वाचलं, "सगुणे, पानी वत!" कुणी हसलं, कुणी तोंड फिरवून निघून गेलं. पाटी घेऊन चाललेल्या एका म्हातारीनं ते पुन्हा वाचायला लावलं. उन्हानं मूर्तीच्या मानेला तडा गेला. चिमाजी ओलं बोट फिरवून तो बुजवी, की दुसरीकडं नवा फुटे. शेवटच्या गाडीपर्यंत तो तिथून हलला नाही.

घरी ठकुबाई दारातच उभी होती. "वाचलं कुनी?"

"वाचलं. पार रस्त्यापल्याड ऐकू गेलं."

ती उंबऱ्यावर बसली. चिमाजीनं तडकलेली मूर्ती पडवीत ठेवली आणि पिशवी खांद्यावरून न उतरवताच मातीच्या ढिगात हात घातला.