पूर ब्रॅमवेललाच येणार

व्हेरिटी केसेलने एखादी गोष्ट मनावर घेतली, की तिचा हेका मोडायला प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला असता तरी तिने त्याला चहा पाजून परत पाठवलं असतं. अल्व्हरस्टोनमध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि शुक्रवारच्या टेबलाला तर फारच चांगलं ठाऊक होतं.

स्काउट हॉलच्या मागच्या खोलीत दर शुक्रवारी संध्याकाळी तिचं राज्य असे. आठवडाभर जनावरांच्या दवाखान्यात फोन उचलणारी ही बाई तिथे आपल्या कल्पनेतल्या जगाचा नकाशा पसरायची, फासे काढायची, आणि मग राजांना गादीवरून खेचायची, डोंगरांत राक्षस सोडायची. बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या जगात हिंडायचे, आणि त्यांचं कुठलंही धाडस जमलं की फसलं ते फासा ठरवायचा. एके काळी त्या खोलीत खुर्च्या कमी पडत. आता दोघंच उरले होते. एक टॅश, रुग्णालयातली परिचारिका, तिथे चेटकीण. दुसरा कॉल, निवृत्त ट्रकवाला, तिथे तलवारबहाद्दर आणि दोन्हीकडे खादाड. दोघांत कसला आलाय खेळ? परवा निघताना टॅश म्हणालीच होती, "थंडी संपली की बघू गं, पुढे चालवायचं का ते." हे 'बघू' कशाला म्हणतात ते व्हेरिटीला चांगलं कळत होतं. टेबल मोडायला आलं होतं आणि ती ते मोडू देणार नव्हती.

म्हणून तिने एक छापील मोहीम मागवली. अशा पुस्तिका तयार मिळतात. गोष्ट, शत्रू, सापळे सगळं त्यात असतं, फक्त ती आपल्या जगात कुठे घडवायची हे आपण ठरवायचं. या पुस्तिकेत वरचा बांध फुटतो, नदी गावात शिरते, आणि पाण्याबरोबर पाण्यातलं काहीतरी येतं. व्हेरिटीची रीत अशी, की छापील मोहिमेत काडीचा बदल करायचा नाही. लिहिणाऱ्याने डोकं चालवलंय, आपण कशाला शहाणपणा करा? आपल्या हातात फक्त जागा.

"दलदलीत टाक," कॉल तोंडातला सॉसेज रोल न गिळताच म्हणाला. "तिथे सगळं आधीच ओलं आहे."

"मग पूर आलेला कळेल कुणाला?" टॅश हसली. "उत्तरेच्या बंदरात आण."

"बंदर बुडालं तर तुम्हाला काय फरक पडतो?" व्हेरिटी म्हणाली. "तुम्ही तिथे एकदा गेलात, तेही दोर विकत घ्यायला. गाव असं पाहिजे, की ते बुडताना या कॉलच्या घशाखाली घास उतरता कामा नये."

"असं गाव अजून वसलेलं नाही," टॅश म्हणाली.

व्हेरिटीने नकाशावर बोट ठेवलं. ब्रॅमवेल. कॉलचं चघळणं खरोखरच थांबलं.

"ते युअनचं आहे," टॅश हळू आवाजात म्हणाली.

या टेबलाचा जुना नियम होता: गावाला नाव देईल त्याचं गाव. त्याच्या परवानगीशिवाय तिथलं कौलसुद्धा हलवायचं नाही. ब्रॅमवेलला नाव दिलं होतं युअन डायरीनने. लेव्हन नदीच्या खोऱ्यात त्याच्या गाई होत्या, आणि शुक्रवारी दूध काढून झालं की तो गमबुटांसकट यायचा. गावाला नुसतं नाव देऊन तो थांबला नाही. भाड्यावरून सगळ्यांशी भांडणारी नावाडीण, एका कानाचं कुत्रं पाळणारा पाववाला, नदीकाठचे गोठे, असं करत करत त्याने ते गाव वसवलं. त्या गोठ्यांतल्या गाईंची नावं त्याच्याच गाईंची होती.

मग एका शुक्रवारी त्याचं पात्र पुलावरून पडलं. फाशावर एक आला होता, सगळ्यांत वाईट दान. "परत टाकू दे," युअन म्हणाला. "पडला तो पडला," व्हेरिटी म्हणाली, कारण ती सगळ्यांना तेच म्हणायची. युअनने कोट चढवला आणि गेला. लोक शेताच्या बांधावरून बोलणं टाकतात, या दोघांनी फाशावरून टाकलं. दुकानात समोरासमोर आले की मान हलवायची आणि बटाट्यांकडे बघायचं, एवढाच काय तो व्यवहार उरला.

"आणि पूर, व्हेरिटी?" टॅश म्हणाली. "जगात दुसरं काही नाही, आणि त्याला जाऊन पूर विचारणार तू?"

कारण युअन टेबल सोडून गेला ते पुराचं वर्ष होतं. नदी रातोरात खोऱ्यात पसरली आणि युअनच्या गाई घेऊन गेली. त्यांतली डचेस, त्याची सगळ्यांत लाडकी, खाली गावच्या किनाऱ्यावर येऊन लागली होती. लोक वाळूत उभे राहून बघत होते. युअन आला, आपला कोट काढून तिच्या तोंडावर घातला आणि कुणाशी न बोलता निघून गेला. पुलाचा तो फासा पडला तो त्यानंतर थोड्याच दिवसांनी.

"जाणार," व्हेरिटी म्हणाली. "विचारणार. नाही म्हणाला तर दलदल आहेच."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती लॅमिंग्टन केकचा डबा घेऊन त्याच्या गोठ्यापाशी उतरली. युअन पाइपने अंगण धूत होता. त्याने पाणी बंद केलं नाही.

"कॉल गेला का?"

"छे! खातोय."

"मग कशी काय वाट चुकलीस?"

"ब्रॅमवेल हवंय मला."

"कशाला?"

"बुडवायला," व्हेरिटी म्हणाली. गोड बोलून आत शिरणं तिला कधी जमलंच नव्हतं.

आता त्याने पाणी बंद केलं. त्याच्या मानेवर लाली चढत गेली. "एवढ्या मोठ्या नकाशात तुला दुसरी नदी मिळाली नाही?"

"नद्या ढीगभर आहेत. काठावर माणसं फक्त तुझ्या नदीच्या आहेत. कॉल अजून त्या नावाडिणीला शिव्या घालतो, माहितेय? टॅश अजून वाटेत पाववाल्याच्या कुत्र्यासाठी हाडूक घेते. बाकी सगळी माझी गावं आहेत, युअन, आणि माझ्या गावांत नुसती घरं आहेत." तिने डबा कुंपणाच्या खांबावर ठेवला. "टेबल मोडायला आलंय. मला ते मोडायचं नाही. तू नाही म्हण, मी निघते. पण विचारल्याशिवाय जाणार नाही."

तो पाइप गुंडाळू लागला. मग म्हणाला, "सुरू कुठून होते?"

"पहाटे. पाणी गल्लीत आलंय, लोक ओरडतायत, तिथून."

"हं. तसंच असतं. जाग येते तेव्हा आलेलंच असतं." तो खालच्या कुरणाच्या फाटकाकडे बघत होता. "मी आदल्या संध्याकाळी फाटकं लावून घेतली होती, व्हेर. रोज लावतो तशी. उघडी ठेवली असती तर गाई आपल्या आपण टेकडीवर गेल्या असत्या. पहाटे गेलो तेव्हा कड्या पाण्याखाली होत्या. हात पोचला नाही." त्याने नाक पुसलं. "लोकांना वाटतं, मी फाशावर रुसलो."

"मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं," व्हेरिटी म्हणाली. "ते सोपं होतं." तिला रडू येत होतं आणि त्याचा तिला रागही येत होता.

"घे गाव," युअन म्हणाला. "पण पहाटेपासून नाही. मला आदली संध्याकाळ दे."

"पुस्तिकेत संध्याकाळ नाही."

"मग गावही नाही."

दोघंही एकमेकांकडे बघत राहिले. हट्टाला कुणीच कमी नव्हतं. इतक्या वर्षांत व्हेरिटीने छापील मोहिमेतला एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता, आणि त्याचा तिला केवढा अभिमान होता! शेवटी तिनेच डब्याचं झाकण उघडलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"शुक्रवारी दूध काढून झालं की येशील ना?" ती म्हणाली.

शुक्रवारी युअन गमबुटांसकट आला. कॉलने पायानेच खुर्ची पुढे ढकलली. "आलास का म्हाताऱ्या? तुझ्या त्या नावाडिणीने मला आजवर लुटलंय. बस, तिचा हिशेब तूच चुकता कर."

"तिला सांगून भाडं वाढवतो," युअन म्हणाला. "मी कोण आहे? माझा गडी तर पुलावरून पडून मेला."

"तू ब्रॅमवेलचा गवळी," व्हेरिटी म्हणाली. मांडीवरची पुस्तिका तिने मिटून ठेवली होती. "संध्याकाळ आहे. वरच्या डोंगरात काळं भरून आलंय. नदी अजून शांत आहे. तुझं दूध काढून झालंय. काय करतोस?"

युअनने घसा साफ केला. "फाटकं उघडतो," तो म्हणाला. "सगळी."

सवयीने त्याचा हात फाशाकडे गेला. कॉलने हातातला रोल खाली ठेवला. व्हेरिटीने फाशावर तळहात ठेवला.

"फाटक उघडायला फासा लागत नाही," ती म्हणाली. "कोण कोण बाहेर पडतंय ते सांग."

तो सांगू लागला. पहिली मेबल, ती नेहमीच पुढे. मग ट्रिक्सी आणि तिची कालवड. मग जिंजर, तिला ढकलावं लागतं. एकेक नाव घेताना तो मधेच थांबत होता, आणि कुणी त्याला घाई केली नाही. चहा निवून गेला. बाहेरच्या रस्त्याने एक ट्रॅक्टर गेला. टॅशच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसलं नाही. नावं संपली.

"आणि डचेस?" व्हेरिटीने विचारलं.

"येतेय," युअन म्हणाला. "ती सावकाश येते. फाटकापाशी उभी राहून आधी माझ्याकडे बघते." त्याने दोन्ही हात टेबलावर पसरले. "आली. वर गेली टेकडीवर."

व्हेरिटीने मान हलवली आणि पुस्तिका उघडली. "पहाट होते," ती म्हणाली. "पाणी गल्लीत शिरलंय."

"शिरू दे," युअन म्हणाला, आणि त्याने फासा उचलला.