एकसष्ट मेंढरं आणि चार आवृत्त्या

ब्लू-रेत एकसष्टच्या एकसष्ट मेंढरं भरली, तरी बिरदेवनं तिला लाल स्टिकर लावला. अशा रीतीनं चारही आवृत्त्या नापास झाल्या आणि सगळे आपापल्या घरी गेले.

तर हे झालंच नाही असं समजू. आज मंगळवार आहे, बिरदेव रात्रपाळी करून कारेगावच्या खोलीवर आलाय, पार्सल अजून वाटेत आहे आणि आशेला जागा आहे. खोलीत दुसऱ्या कशालाही जागा नाही.

बिरदेव रांजणगावच्या एका कारखान्यात तपासणीला होता. पट्ट्यावरून पितळी नटांचे ट्रे येत, हा भिंगातून बघे. ट्रे बरा असला तर हिरवा स्टिकर, शंका आली तर पिवळा, वाईट असला तर लाल. सव्वीस वर्षांच्या आयुष्यात त्याचं मत दुसऱ्या कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळं तो तिथं तीन वर्षं टिकला. थकायचा मात्र इतका की जेवताना भाकरी उलटीपालटी करून बघायचा, आणि बायको सुषमा म्हणायची, "हिरवा लावा आन् गिळा."

त्याचे आजोबा मल्हारीआबा दिवाळीपासून त्याच्याकडंच होते, कारण डोळ्यांचा डॉक्टर शिरूरला होता. काचबिंदू. डावा डोळा गेलेला. उजव्यातून नळीतून बघितल्यागत मधलं तेवढं दिसायचं, आणि नळी दर महिन्याला बारीक होत होती. डॉक्टर म्हणाला, "आबा, आहे तोवर बघायचं ते बघून घ्या." त्याला वाटलं, म्हातारा काशी म्हणेल.

"मला माझा बा बघायचाय," आबा म्हणाले.

डॉक्टरनं थेंब लिहून दिले.

बा म्हणजे म्हाळू. तो वारला तेव्हा आबा अकरा वर्षांचे होते. घरात फोटो नव्हता, कारण मेंढरांमागं हिंडणाऱ्या माणसाचा फोटो काढायला कुणी मागं मागं आलं नव्हतं. चेहरा हळूहळू विरत गेला. आता आबांना बापाची चाल आठवायची, खोकला आठवायचा, घोंगडीचा वास आठवायचा. तोंडाच्या जागी मात्र काहीच यायचं नाही. पण ते तोंड जगात एका ठिकाणी नक्की होतं. 'अंधेरे की चाबी' नावाच्या जुन्या काळ्यापांढऱ्या दरोड्याच्या सिनेमात, एक तास सात मिनिटांनी. तो आबांनी पोरवयात एकदा जत्रेच्या तंबूत बघितला होता.

सिनेमा असा. पाच जण सात महिने खपून मुंबईतली एक पेढी फोडतात. पहारेकऱ्याची डुलकी कधी लागते, भिंत किती जाड आहे, कुत्र्याला कुठल्या खाटकाचं मटण आवडतं, सगळं वहीत लिहिलेलं. तिजोरी उघडते, मोटार सुटते, आणि दौंडजवळच्या रेल्वे फाटकापाशी मोटारीपुढं मेंढरं येतात. ही मेंढरं पटकथेत नव्हती. म्हाळू आपला कळप घेऊन खरोखरच चालला होता. शूटिंग म्हणजे काय हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानं विचारलं नव्हतं. मोटारीतला नट घाबरून भोंगा दाबतो, म्हाळू वळतो, दोन सेकंद सरळ कॅमेऱ्याकडं बघतो आणि पुन्हा चालू लागतो. दिग्दर्शकाला ते आवडलं, त्यानं पुढची गोष्ट बदलली. मागून पोलिस येतात, सगळे सापडतात आणि उरलेला सिनेमा खटल्यात आणि गाण्यांत जातो.

"सात म्हैनं डोकं लावलं," आबा दर वेळी म्हणायचे, "आन् वाटंत मेंढरं असत्यात एवढं ध्यानात न्हाई आलं."

एखाद्या सिनेमाची प्रत पुरी आहे की कापलेली, हे लोक वेष्टनावरचं वाचून ठरवतात. आबा मेंढरं मोजत. शूटिंग झालं त्या साली मेंढरांच्या तळावर संध्याकाळची मोजणी त्यांच्याच अंगावर होती. एकसष्ट मेंढरं आणि एक कुत्रं. पडद्यावरून कळप जाताना ते बोटांच्या पेरांवर जोड्या धरत आणि कुणी मधे बोललं तर पहिल्यापासून लावायला सांगत. त्यांचा नेम साधा होता. "मेंढरं पुरी भरली की बा असनारच. कळप टाकून बा कुठं जातोय?"

बिरदेवला हा नेम पटला. कारखान्यात याहून कमी विचार केलेले नेम भिंतीवर चौकटीत लावलेले होते.

पहिली सापडली व्हीसीडी, शिरूरच्या बाजारात, कुकरच्या शिट्ट्या विकणाऱ्याकडं. दोन डिस्क. बिरदेवनं मागून आणलेल्या लॅपटॉपवर लावली. चित्र म्हणजे चौकोनी ठिकऱ्या, मेंढरं इस्त्री केल्यासारखी. भोंगा वाजला. म्हाळू वळायला लागला. खांदा वळला, कान दिसला, आणि पडद्यावर आलं: कृपया दुसरी डिस्क लावा. दुसरी लावली. ती सुरू झाली तेव्हा म्हाळू पाठ करून चालला होता.

"मधलं कुठाय?" आबांनी विचारलं.

"दोन डिस्कच्या मधी पडलं, आबा."

आबांनी खाली जमिनीवर बघितलं. मग म्हणाले, "कान माझ्यावानी हाय."

पिवळा स्टिकर.

दुसरी डीव्हीडी. वेष्टनावर 'रुंद पडद्याचा आनंद' असं छापलेलं. हा आनंद कंपनीनं जुनं चौकोनी चित्र वरून-खालून कापून मिळवला होता. मेंढरांना पाय नव्हते, लहान कोकरं तर पूर्णच कापली गेली होती, मोजणी अठ्ठावन्नावर अडली. म्हाळू वळला, पूर्ण वळला, दोन सेकंद थांबला. गळ्यापर्यंत अगदी स्वच्छ दिसला.

"सदऱ्याचं वरचं बटन तुटलेलं हाय," आबा म्हणाले. "आई लावते म्हनली हुती."

लाल.

तिसरीसाठी दौंडला जावं लागलं. पाळी सुटल्या सुटल्या बिरदेवनं आबांना मोटारसायकलवर मागं बसवलं आणि न्हावरा, चौफुला करत, उसाच्या ट्रॅक्टरांमागची धूळ खात, दोन तासांत सोपानरावांच्या दुकानात नेलं. सोपानरावांची एके काळी व्हिडिओ लायब्ररी होती. आता मोबाईल दुरुस्ती होती, पण व्हीसीआर त्यांनी कापडात गुंडाळून ठेवलेला, घरातल्या थोरल्या माणसासारखा.

"एवढ्या लांबनं मेंढरं मोजायला आला व्हय?" सोपानराव म्हणाले. "अवो आबा, ह्यात हिरॉईन हाय. लोक तिच्यासाठी येत हुते."

"किती हाय ती?"

"एकच की."

"मंग मोजायचं काय त्यात?" आबा म्हणाले आणि खुर्ची टीव्हीला चिकटवून बसले.

कॅसेटनं कळप पुरा दिला. एकसष्ट, वर कुत्रं. भोंगा वाजला, म्हाळू वळला, आणि बरोबर तेवढ्यात पडद्यावर पांढऱ्या पट्ट्यांचं वादळ आलं. दोन सेकंद. पट्ट्या गेल्या तेव्हा म्हाळूही वळून गेला होता.

"तिथंच टेप घासलीया," सोपानराव जरा ओशाळून म्हणाले. "म्होरं लगेच हिरॉईनचं गानं हाय ना. समदा तालुका रिवाइंड करून तिथंच थांबायचा. तुमच्या वडलांवर रोज ब्रेक लागायचा म्हना."

बिरदेवनं सात वेळा लावून बघितलं. सातव्या वेळी त्याला बसल्या बसल्या डुलकी लागली आणि झोपेत पट्ट्यांमागं एक माणूस हसताना दिसला, पण तो त्यांचा सुपरवायझर निघाला. सोपानरावांनी चहा पाजला. निघताना आबा म्हणाले, "चाल बराबर हाय. पायानं बाच हाय." कॅसेटला पिवळा.

आता राहिली चौथी. परदेशातल्या एका कंपनीनं हा सिनेमा मूळ निगेटिव्हवरून नव्यानं साफ करून ब्लू-रेवर काढला होता. जाहिरातीत शब्द होते: पूर्ण, अखंड, निर्मळ. पार्सल दीड महिना चाललं. तेवढ्यात डॉक्टरनं आबांचा उजवा डोळा पुन्हा तपासला आणि या वेळी 'बघून घ्या' असं म्हणाला नाही.

पार्सल आलं गुरुवारी, बघितलं रविवारी दुपारी, खोलीमालक हौसरावांच्या हॉलमध्ये. हौसरावांच्या पोराकडं, विश्वजीतकडं, गेम खेळायचं एक यंत्र होतं त्यात ही डिस्क चालायची, आणि टीव्ही भिंतीएवढा होता.

"बिघडला का रं? समदं काळंच दिसतंय," हौसराव म्हणाले.

"सिनेमाच काळापांढरा हाय, नाना."

"मंग एवढ्या मोठ्या टीव्हीचा उपेग काय?"

पण उपयोग होता. असं चित्र बिरदेवनं भिंगातूनसुद्धा बघितलं नव्हतं. ड्रायव्हरच्या टोपीचा टाका न् टाका दिसत होता. मेंढरांच्या कानावरच्या माशा दिसत होत्या. आबा टीव्हीपासून हातभर अंतरावर बसून जोड्या धरत होते.

"एकसष्ट," आबा म्हणाले. "कुत्रं धरून बासष्ट. भरली!"

बिरदेवनं खिशातून हिरवा स्टिकर काढला. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याला झोप आल्यासारखं वाटत नव्हतं.

"आता बा दाव," आबा म्हणाले. "सावकाश लाव."

बिरदेवनं सावकाश लावलं. भोंगा वाजला. नट खिडकीतून डोकं काढून ओरडला. समोर कुणी नव्हतं. मेंढरं फाटकातून आपली आपण, शिस्तीत, एकटीच चालली होती. रस्त्यावर काठीची एक सावली तेवढी त्यांच्या पुढं पुढं सरकत होती.

आबांनी मान थोडी डावीकडं केली, थोडी उजवीकडं केली. आपल्या नळीत बाप मावत नसेल असं त्यांना वाटलं.

"बिरू, बा कुठाय?"

"मागं असत्याल, आबा."

"बा म्होरं चालायचा."

बिरदेवनं डिस्कसोबतची पुस्तिका उघडली. कारखान्यातलं इंग्रजी त्याला पुरत होतं. त्यात अभिमानानं लिहिलं होतं की फाटकाच्या प्रसंगात निगेटिव्हवर एक उभा काळा ओरखडा होता, तो संगणकानं शोधून नाहीसा केला. अशा रीतीनं संपूर्ण सिनेमातले सहा लाख डाग काढले. ओरखडा म्हाळूच्या अंगावरून गेला होता. म्हाळूच्या अंगावर काळी घोंगडी होती. संगणकानं दोघांना मिळून एकच डाग धरलं.

त्यानं हे सगळं आबांना सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही.

"म्हंजी बा डाग हुता?" आबांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. इतक्या वर्षांनी निदान चौकशी झाली, असा सूर होता.

"सहा लाख म्हनत्यात, त्यातला एक," हौसराव म्हणाले, आणि त्यांनी पोह्यांची ताटली आबांपुढं सरकवली. आबांनी ती चाचपून घेतली.

स्टिकरचं तुम्हाला माहीत नाही, असं आपलं ठरलंय.

त्या संध्याकाळी बिरदेवनं कारखान्यातला तक्रारीचा नमुना काढला. कारखान्यात नेम होता की तक्रारीला सात दिवसांत उत्तर द्यायचं. कंपनी परदेशातली, मग अर्ज इंग्रजीत लिहू का, असं त्यानं विचारलं. आबा म्हणाले, "बा आपला हाय. मराठीत लिव्ह." सुषमानं विचारलं, त्यांना वाचता येईल का? आबा म्हणाले, "त्यांचं त्ये बघतील. निकड लिव्ह. येका डोळ्याचं काम हाय." मग ते एकेक शब्द सांगत गेले आणि बिरदेव सरकारी करत गेला.

प्रति,
मा. साफसफाई विभागप्रमुख,
जुने चित्रपट शाखा.

विषय: साफसफाईत काढलेला डाग परत बसवून मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपल्या कंपनीने काढलेला डाग हा अर्जदाराचा सख्खा बाप असून त्याची दुसरी प्रत कुठेही उपलब्ध नाही. अर्जदाराचा उजवा डोळा मुदतीचा असल्याने प्रकरण तातडीचे समजावे. तरी सदर डाग, नाव म्हाळू, हा मूळ जागी, म्हणजे पहिल्या मेंढराच्या पुढे, तोंड आमच्याकडे करून, दोन सेकंदांकरिता पुन्हा बसवून मिळावा. आणि ते शक्य नसल्यास काढलेले सहा लाख डाग एका पोत्यात भरून कारेगावच्या पत्त्यावर पाठवावेत, आमचा आम्ही निवडून घेऊ व उरलेले स्वखर्चाने परत करू, ही नम्र विनंती.