पाठीमागचं चित्र

रनाळ्याच्या बन्सीलाल पाटलांनी साहेबाच्या लिलावातून ते चित्र घरी आणलं ते गाडीत कडबा पसरून, वर गोधडी घालून, बाळंतिणीला आणावं तसं. नंदुरबारला रेल्वे येऊन दहा-बारा वर्षं झाली होती. तिथल्या इंजिनेर साहेबाची बदली झाली आणि त्याचं सामानसुमान विकायला निघालं. साहेबाच्या बटलरनं सांगितलं, हॉलंड नावाच्या मुलखातल्या जुन्या चित्राची ही नक्कल आहे. पाटलांना फक्त 'साहेब' आणि 'जुनं' एवढंच ऐकू आलं. विलायतेतल्या कुणा खानदानी घराण्याची पंगत असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं.

चित्र बैठकीत लागलं, पाटलांच्या गादीच्या बरोबर वर. म्हणजे पाटील गादीवर बसले की चित्र पाठीशी. आल्यागेल्यानं वर बघून "काय थाट शे!" म्हणायचं आणि पाटलांनी मिशीवरून हात फिरवायचा. पाहुणे अदबीनं बघत. अदबीनं बघणाऱ्याला सोनेरी चौकटीपलीकडे काय दिसणार? पाटलांनी तर मागे वळून कधी बघितलंच नाही. आपल्या मालकीच्या वस्तूकडे काय बघायचं!

ते चित्र नीट बघितलं ते एकट्या शोभानं. शोभा म्हणजे पाटलांच्या मुलाची, नवलची बायको, लोणखेड्याची लेक. घरच्या बायकांना बैठकीत पाऊल टाकायची मुभा फक्त सकाळी, सारवण्यापुरती. पाटील मळ्यात गेले की शोभा शेणाची पाटी घेऊन आत यायची, आणि हात जमिनीवर फिरत असताना डोळे भिंतीवर फिरायचे.

पहिल्या दिवशी तिला वाटलं, आपलंच काही चुकतंय. दुसऱ्या दिवशी खात्री पटली. कसली खानदानी पंगत! घरधनीण टेबलाशी बसल्या बसल्या झोपी गेलेली. मांजराचा पंजा ताटलीत. गडी पिंपातली दारू हळूच स्वतःच्या लोट्यात ओततोय. मधोमध एक जाडा शेठ बोट वर करून उपदेश करतोय, आणि त्याच्याकडे एकाचंही लक्ष नाही. कोपऱ्यात मात्र एक माणूस पेला धरून खदखदून हसतोय आणि थेट आपल्याकडे बघतोय. चित्र काढणारा हाच, असं शोभानं मनाशी ठरवलं. घरातल्याशिवाय एवढं कुणाला दिसणार? आणि हसण्यात राग तर कुठेच नव्हता. त्याच टेबलाशी बसून तोही जेवला होता.

पदराचा बोळा तोंडात कोंबून ती हसली. मोठ्यानं हसायची सोय नव्हती. मागच्या श्रावणात कानबाईच्या सणाच्या जेवणात मामेसासऱ्यांचा फेटा वरणाच्या वाडग्यात पडला आणि शोभाचं हसू ओसरीपर्यंत गेलं. त्या दिवशी पाटलांनी भिंतीकडे तोंड करून निकाल दिला होता. सासरा सुनेशी थेट बोलत नाही, जे सांगायचं ते भिंतीला सांगतो. निकाल असा, की पुन्हा हसली तर माहेरी. माहेरी म्हणजे काय ते शोभाला पुरतं ठाऊक होतं. तिची आत्या भुरीबाई अशीच चार दिवसांसाठी गाठोडं घेऊन आली होती आणि भावाच्या चुलीपुढे फुंकणी फुंकता फुंकता तिचे केस पांढरे झाले. गाडी न्यायला आलीच नाही. आत्याची आठवण आली की शोभाचं हसू घशातच विरायचं. तिला नवल आवडत होता, हे घर आवडत होतं, सासूसुद्धा आवडत होती.

माघात पाटलांच्या लेकीला, सिंधूला बघायला पाहुणे आले. मुलाचे वडील आणि त्यांची म्हातारी आई मोतीबाई. म्हातारीचे गुडघे धरलेले, म्हणून तिला बैठकीतच भिंतीशी टेकून बसवलं. शोभाची सासू मंगलाबाई पहाटे उठून मांडे करायला बसली होती. मांडे झाले, सिंधूला बघून झालं, आणि मंगलाबाई आतल्या उंबऱ्याशी जरा टेकली.

"आज हासू नको वं माय," तिनं शोभाला बजावलं. "हासनी ते तुन्हा सासरा तुले धाडी देई."

आणि एवढं बोलून तिचाच डोळा लागला.

शोभा विड्यांचं तबक घेऊन दाराशी उभी. बाहेर पाटील रंगात आले होते. "आमना घरमा बठं शिस्तमा शे," बोट वर करून त्यांनी सगळ्या घराची ग्वाही दिली. "बायास्ना आवाज ओसरीवर येस नही. मन्ही नजर बठास्वर ऱ्हास."

मुलाचे वडील मांड्यांच्या गुंगीत पेंगत होते. उंबऱ्याशी मंगलाबाई घोरत होती. तिच्या बाजूला तुपाची वाटी, आणि वाटीत मांजर. ओसरीच्या कोपऱ्यात भिला गडी पाण्याचा तांब्या बाजूला ठेवून तिसरा मांडा तोंडात कोंबत होता. पाटलांचं बोट अजून वरच होतं, आणि त्या बोटाच्या बरोबर वर, चौकटीत, त्या शेठचं बोट. शोभानं चित्र बघितलं, मग घर बघितलं. काहीच उणं नव्हतं. हसणारा तेवढा कमी होता.

तिनं ओठ चावला. भुरीआत्याचे पांढरे केस डोळ्यांपुढे आणले. तेवढ्यात मोतीबाईची नजर चित्रावरून खाली उतरली, मांजरावर गेली, भिलावर गेली, पाटलांच्या बोटावर गेली आणि दारातल्या शोभावर येऊन थांबली. म्हातारीच्या ओठाचा एक कोपरा हलला. संपलं! तबक खणखणत खाली पडलं आणि शोभा हसली, पोटातून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

मंगलाबाई दचकून उठली. मग दुसरं हसू आलं, बोळक्या तोंडाचं.

"पाटील," मोतीबाई म्हणाली, "जरा मांगे वळीसन दखा."

पाटील वळले. खूप वेळ वळलेलेच राहिले.

"कोनं घर शे हाई?" म्हातारीनं विचारलं.

"साहेबनं," पाटील कसेबसे म्हणाले.

"माले ते वळखीनं वाटस." गाडीत चढता चढता ती एवढंच म्हणाली, "पोर आमले पसंत शे. फक्त इचारी ल्या, तिले हासता येस का?"

पाटलांना ते चाबकासारखं लागलं. पाहुण्यांची गाडी वळते न वळते तोच त्यांनी नवलला हाक मारली, "सकाय गाडी जुप. इले लोणखेडाले पोचाडी ये." नवलनं मान खाली घातली. कधी वर करायचा तो! शोभाला त्या मानेचाच सगळ्यात जास्त राग आला, आणि रडूही.

सकाळी गाडी जुंपून दारात उभी होती. शोभाचं गाठोडं चुलीमागे तयार होतं. जायच्या आधी बैठक सारवून जावं म्हणून पाटी घेऊन ती आत गेली आणि दारातच थबकली. पाटील मळ्यात गेलेच नव्हते. गादीवर एकटे बसले होते. डोक्यावरची भिंत रिकामी होती, तिथं नुसता खिळा. चित्र समोरच्या भिंतीवर गेलं होतं. आता गादीवर बसणाऱ्याला ते टाळता येणार नव्हतं.

शोभानं पदर पुढे ओढला आणि कोपऱ्यातून सारवायला सुरुवात केली.

"गाडी कपास भरीसन नंदुरबारले जाई," पाटील भिंतीला म्हणाले. "लोणखेडाले कोनी जाय नही."

शोभानं दोन्ही हात शेणात दाबून धरले.

निम्मी बैठक सारवून झाल्यावर पाटलांनी भिंतीला विचारलं, "हाऊ बोट दखाडनारा... येनं कोनीच कसाले आयकस नही?"

भिंत काय सांगणार! शोभा जमिनीला म्हणाली, "तो कोनाकडे दखस नही, म्हनीसन."

बोलून गेली आणि तिनं घाईनं पुढचा हात फिरवला. मग गादीवरून एक आवाज आला, आधी खोकल्यासारखा, मग वेगळाच. पाटील हसत होते. तोंडावर उपरणं दाबून, घरच्या बायका हसायच्या तसे, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

शोभानं त्यांच्याकडे पाठ केली आणि सारवत राहिली. असं हसताना कुणी बघू नये, एवढं तिच्याइतकं या घरात कुणाला ठाऊक होतं?