वर्गात मॅडम, घरी सूनबाई

मेट्रनबाई निवृत्त झाल्या तेव्हा हॉस्पिटलातल्या निम्म्या नर्सेस रडल्या आणि निम्म्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यांचा दरारा असा, की कॉरिडॉरमध्ये त्यांच्या बुटांचा आवाज आला की पेशंटसुद्धा चादर सारखी करून गुमान पडायचे. घरी बसल्यावर मात्र त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्याला अजिबात न जुमानणारी एक वस्तू घरात आहे आणि ती तळहाताएवढी आहे.

फोन उचलणं आणि ठेवणं त्यांना येत होतं. त्यापुढे काही आलं, की त्या मुलाला हाक मारायच्या. मुलगा तत्पर होता आणि सगळी पंचाईत त्याच्या तत्परतेनेच केली होती. "आई, दे इकडे," म्हणून तो फोन घ्यायचा, अंगठा चार वेळा इकडून तिकडे फिरवायचा आणि "झालं," म्हणून परत द्यायचा. काय झालं, कसं झालं, ते मेट्रनबाईंना शेवटपर्यंत कळायचं नाही.

सुनेला विचारायचं तर तिचा तोच धंदा होता. एका खासगी क्लासमध्ये ती कॉम्प्युटर शिकवायची. पण दिवसभर लोकांपुढे घसा कोरडा करून आलेल्या पोरीसमोर आपण पुन्हा पाटी घेऊन कसं बसायचं, या संकोचात मेट्रनबाई गप्प राहायच्या. तसंही दोघींमध्ये संकोच जरा जास्तच होता. लग्नाला बरेच दिवस झाले तरी एकदाही भांडण नाही, कधी आवाज चढला नाही. दोघी एकमेकींशी फार चांगल्या वागायच्या, म्हणजे पाहुण्यांशी वागतात तशा.

एक दिवस वाचनालयाच्या दारावर त्यांना पाटी दिसली, 'ज्येष्ठांसाठी संगणक ओळख'. त्यांनी आत जाऊन नाव घातलं आणि घरी सांगितलं, की उद्यापासून मी सकाळी फिरायला जाणार. आधी शिकायचं आणि मग सगळ्यांना एकदम चकित करायचं, असा त्यांचा बेत होता.

वर्ग वाचनालयाच्या मागच्या खोलीत भरायचा. जुनी टेबलं, त्यावर जाड काचेचे मॉनिटर, आणि प्रत्येक मशीनला दोन खुर्च्या. मेट्रनबाईंच्या शेजारी चौकातली फुलवाली बसायची. तिला दुकानाच्या ऑर्डरी कॉम्प्युटरवर घ्यायच्या होत्या आणि तोंड तर तिचं एक मिनिट बंद नसायचं. पहिल्या आठवड्यात शिकवायला जे सर होते, ते इतक्या वेगाने बोलायचे, की मेट्रनबाईंना वाटायचं यांची नाडी तपासावी. माऊस टेबलाच्या कडेला पोचला की पुढे न्यायचा कसा, हे विचारायचं राहूनच जायचं. मग त्या तो कडेबाहेर हवेत धरून हलवायच्या आणि पडद्यावरचा बाण जागचा हलत नाही म्हणून चिडायच्या.

मग त्या सरांना दुसरीकडे नोकरी लागली. "त्यांच्या जागी एका क्लासमधून नव्या मॅडम येणार आहेत," असं ग्रंथपालांनी सांगितलं आणि दार उघडून मेट्रनबाईंची सून आत आली.

मेट्रनबाईंनी मॉनिटरच्या मागे डोकं घातलं. पण एवढ्या वर्षांचा ताठ कणा असा एकाएकी थोडाच वाकतो. सुनेची नजर एकेका चेहऱ्यावरून फिरत आली आणि त्यांच्यावर येऊन अडली. तिच्या हातातलं मार्कर खाली पडलं. तिने ते उचललं, टोपण नीट लावलं, आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "आणि काकू, तुम्हाला काय म्हणायचं?"

"मला सगळे मेट्रनबाई म्हणतात," मेट्रनबाई म्हणाल्या.

"छान. मला मॅडम म्हटलंत तरी चालेल."

नंतर मॅडमनी फळ्यावर एकच नियम लिहिला. तुमच्या माऊसला मी हात लावणार नाही. "मी मागे उभी राहीन, सांगेन, पुन्हा सांगेन," त्या म्हणाल्या, "पण करायचं तुम्ही." आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. मेट्रनबाईंना हे फार पटलं. शिकाऊ नर्सेसना त्यांनीही असंच शिकवलं होतं. आपल्या घरात एवढी शहाणी बाई राहते आणि आपल्याला पत्ता नाही, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

त्या संध्याकाळी जेवताना दोघी ताटात बघून जेवत होत्या. "आज काय विशेष?" मुलाने विचारलं.

"काही नाही," दोघी एकदम म्हणाल्या.

जेवणं झाली, मुलगा बाहेरच्या खोलीत गेला. सून भांडी पुसत होती. पुसता पुसता, मागे न वळता ती म्हणाली, "आई, उद्यापासून फिरायला जाताना चष्मा घेऊन जात जा. लांबचा नको, वाचायचा घ्या."

मेट्रनबाईंनी गंभीरपणे मान हलवली. "बरं झालं आठवण केलीस. रस्त्यात बरंच वाचायला असतं."

सुनेचे खांदे हलायला लागले. ती हसते आहे, हे कळायला मेट्रनबाईंना एक क्षण लागला आणि मग त्यांनाही आवरेना. बाहेरून मुलाने "काय झालं?" विचारलं, तेव्हा पुन्हा दोघींच्या तोंडून एकदमच निघालं, "काही नाही."

तेव्हापासून दोघींचं हे नाटक सुरू झालं. घरातून दोघी वेगवेगळ्या वेळी निघायच्या, वर्गात अनोळखी म्हणून भेटायच्या. वर्गात मेट्रनबाई हात वर करून "मॅडम" म्हणायच्या आणि घरी आल्यावर त्याच मॅडमना "अगं, चहा टाकतेस का दोघींना?" म्हणायच्या. मग चहा पिता पिता मॅडम सासूला विचारायच्या, की कॉपी केलेलं पेस्ट कुठे करायचं. मुलाला वाटलं, आईला फिरणं मानवलंय. चेहऱ्यावर तेज आलंय.

कधी कधी भांडं फुटता फुटता वाचायचं. पासवर्डच्या दिवशी मेट्रनबाई वैतागल्या. "मी इथे अक्षरं लिहितेय आणि हा नुसते ठिपके काढतोय."

"मागून कुणी वाचू नये म्हणून झाकतो तो," मॅडम म्हणाल्या.

"मग असं सांग की. तपासायच्या वेळी पडदा ओढतो ना आपण, तसं."

फुलवालीने कोपराने ढोसलं. "अहो, मॅडमना अगंतुगं काय करता?"

"वयाने लहान आहे," मेट्रनबाईंनी वेळ मारून नेली.

फुलवालीला मॅडम भारी आवडल्या होत्या. बोटं कीबोर्डवर आणि तोंड मेट्रनबाईंच्या कानाशी, अशी तिची तऱ्हा होती. "ही पोरगी ज्या घरात पडली असेल ना, त्यांनी नशीब काढलं. सासू मात्र खवचट असणार, तुम्हाला सांगते. इतक्या गोड पोरींना सासवा खवचटच मिळतात." मेट्रनबाईंनी एक अक्षर खोडून पुन्हा लिहिलं. "तुमची सून कशी आहे हो?" फुलवालीने विचारलं.

मेट्रनबाईंनी हात थांबवला. चांगली आहे, असं म्हणून टाकणं सोपं होतं. "अजून ओळख चालू आहे," त्या म्हणाल्या. "पण आता जरा जरा कळायला लागलंय."

मागे हात बांधून उभ्या असलेल्या मॅडम पुढच्या रांगेत निघून गेल्या. तिथे जाऊन त्यांनी कोराच फळा पुन्हा एकदा पुसून काढला.

वर्गाच्या शेवटच्या दिवशी प्रत्येकाने एक खरंखुरं काम करायचं होतं, सरावाचं नाही. फुलवालीने दुकानाचं पान उघडून त्यावर गुलाबांचा फोटो चढवला, तो उलटा चढला आणि तिने तो तसाच ठेवला, कारण लोक निदान मान वाकडी करून बघतील तरी. मेट्रनबाईंनी रेल्वेचं पान उघडलं. काय करायचं हे त्यांनी आधीच ठरवलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. गावाचं नाव त्यांनी एकेक अक्षर शोधून लिहिलं. तारीख निवडली. दोन प्रवाशांची नावं घातली, वयं घातली. बँकेच्या कार्डाचा नंबर बोट फिरवत फिरवत दोनदा ताडून पाहिला. शेवटी पडद्यावर हिरवी खूण आली आणि त्यांनी हात वर केला.

"मॅडम, बघता का जरा बरोबर आहे का?"

मॅडम वाकून बघायला लागल्या. तिकिटावर पहिलंच नाव त्यांच्या माहेरच्या गावाचं होतं. खाली दोन प्रवासी होते, एक सासू आणि एक त्या स्वतः. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

फुलवालीने तोवर मान लांब करून वाचलं होतं. "अहो, हे दुसरं नाव तर मॅडमचं, आणि दोघींचं आडनाव एकच आहे," ती म्हणाली. मग तिने मेट्रनबाईंकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं, आणि तिचं बोलणं आपोआप बंद पडलं. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

"ती खवचट सासू मीच," मेट्रनबाई म्हणाल्या.

अख्खा वर्ग हसायला लागला. फुलवालीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि बोटांच्या फटीतून म्हणाली, "आणि मी तुमच्याच तोंडावर तुम्हाला नावं ठेवत बसले होते की हो." मग तीही हसत सुटली आणि सगळ्यात जास्त वेळ तीच हसत राहिली.

घरी मुलाला सगळं सांगितलं तेव्हा तो थोडा रुसला. "मला सांगायचंस ना आई. मी काढून दिली असती तिकिटं."

"म्हणून तर नाही सांगितलं," मेट्रनबाई म्हणाल्या. "विहीणबाईंकडे लग्नानंतर मी एकदाही गेले नाही. आता जाते, तर माझ्या हाताने जाते. तू घर सांभाळ."

ठरलेल्या सकाळी दोघी बॅगा घेऊन स्टेशनवर पोचल्या. डबा सापडला, जागा सापडल्या, आणि त्या जागांवर एक जोडपं जेवणाचा डबा उघडून खात बसलेलं दिसलं. मेट्रनबाईंनी वॉर्डातल्या आवाजात त्यांना उठायला सांगितलं. ते बिचारे उठलेही. तेवढ्यात तिकीट तपासनीस आला. त्याने फोन हातात घेतला, वाचला, पुन्हा वाचला, आणि नम्रपणे म्हणाला, "आजी, गाडीचं नाव तेच आहे, पण हे तिकीट तिकडून इकडे यायचं आहे. या तिकिटाप्रमाणे तुम्ही आत्ता तिथे असायला हव्यात."

दोघी खाली उतरल्या. गाडी हलली, वेग घेतला आणि गेली. प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बॅगा मध्ये ठेवून त्या बसल्या.

"पहिल्या रकान्यात 'कुठून' होतं," मेट्रनबाई सावकाश म्हणाल्या. "माझ्या डोक्यात तुझ्या माहेराचंच नाव होतं. तेच आधी लिहून टाकलं."

सून लाल झाली होती. "आई, तुमचं काय चुकलं? तुम्ही मला तपासायला दिलं होतं. मी सगळ्या जगाला शिकवते आणि मीच बघितलं नाही. गावाचं नाव वाचलं, आपली दोघींची नावं वाचली आणि पुढचं काही दिसलंच नाही मला."

मेट्रनबाईंनी तिच्याकडे पाहिलं. ओशाळलेल्या शिकाऊ नर्सकडे बघावं तसं. "मी पहिलं इंजेक्शन उशीला दिलं होतं," त्या म्हणाल्या. "सुई बरोबर, औषध बरोबर, माप बरोबर. फक्त पेशंटने हात काढून घेतला होता आणि मी मोठ्या सिस्टरांकडे बघत होते, त्या बघताहेत ना म्हणून. दुसऱ्या दिवशी उशी अगदी ठणठणीत होती."

सुनेने तोंडावर हात दाबला, पण उपयोग झाला नाही. ती अशी हसली, की समोरच्या बाकावरचा माणूस पेपर खाली करून बघायला लागला. मग मेट्रनबाई सुटल्या. त्यांना टिपेचं हसू यायचं, डोळ्यांतून पाणी काढणारं, आणि ते सुनेने कधी ऐकलंच नव्हतं, त्यामुळे तिला ते ऐकून आणखी हसू आलं.

पोट दुखायला लागल्यावर मेट्रनबाईंनी चष्मा पुसून लावला आणि फोन काढला. "बस असेल ना?"

"असेल." सुनेचा हात फोनकडे निघाला होता. तिने तो मागे घेतला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली.

मेट्रनबाईंनी आता मोठ्याने वाचत वाचत केलं. "कुठून, तर इथून. कुठे, तर तुझ्या आईकडे. तारीख आजची." पुन्हा वर जाऊन त्यांनी पहिला रकाना वाचला. तिसऱ्यांदाही वाचला. मग फोन सुनेच्या नाकासमोर धरला. "वाच. नावं सोडून बाकीचं वाच."

सुनेने वाचलं. बरोबर होतं. फक्त जागा सगळ्यात शेवटच्या रांगेत मिळाल्या होत्या.

त्या रांगेत बसणं म्हणजे काय, ते पहिल्याच खड्ड्याला कळलं. दोघी जागच्या जागी उडाल्या आणि खाली आल्या त्या एकमेकींवर. त्यानंतर खड्डा दिसला की मेट्रनबाई "धर" म्हणायच्या आणि सून त्यांचा दंड धरायची. रस्ता बरा लागला तेव्हा सून माहेरच्या गोष्टी सांगायला लागली, आई कशी आहे, कशाने रुसते, कशाने खुलते. मेट्रनबाईंनी एकही गोष्ट मधे तोडली नाही. बोलता बोलता सुनेचा डोळा लागला आणि तिचं डोकं त्यांच्या खांद्यावर आलं. खांदा भरून आला, तरी मेट्रनबाई हलल्या नाहीत. पुढचा खड्डा आला तेव्हा त्यांनी हळूच दुसऱ्या हाताने तिचं डोकं धरून ठेवलं.

ऊन उतरत असताना बस पोचली. बसने येतोय एवढंच सुनेने फोनवर कळवलं होतं, त्यामुळे विहीणबाई स्टँडवर येऊन कधीच्या उभ्या होत्या.

"सकाळच्या गाडीने येणार होतात ना? मी किती काळजीत," त्या म्हणाल्या.

"माझ्यामुळे उशीर झाला," मेट्रनबाई म्हणाल्या. "तिकीट मी काढलं होतं."

"नाही गं आई, माझ्यामुळे," सून म्हणाली. "तपासलं मी होतं."

"अगं पण लिहिलं मी ना."

"आणि बघितलं नाही ते मी."

विहीणबाईंनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं, एकीच्या हातातली बॅग घेतली आणि दुसरीच्या कोपराला धरून रस्ता धरला. "भांडण घरी बसून करा," त्या म्हणाल्या. "पाणी तापवून ठेवलंय, आधी हातपाय धुवा."