हिप्परवाडीच्या वेशीत दोनदा

बंडप्पाला त्या रविवारी काय मिळणार होतं ते आधी मांडून घेऊ, म्हणजे शेवटी काय गेलं ते शोधत बसायला नको. भाड्याची जीप सांगावी लागणार नव्हती, पण ती वरकड कमाई. खरी कमाई भाच्याची होती. विरेश तेहतिशीला आलेला, लोहाऱ्यात ठिबकच्या नळ्यांचं दुकान, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, आणि तरी पोरगी मिळत नव्हती. हल्ली आमच्या भागातल्या पोरींना नवरा पुण्यात राहणारा लागतो. तिथं तो नळ्या विकत असला तरी चालतो. विरेशची आई शिवम्मा हे दुःख घेऊन रोज संध्याकाळी धाकट्या भावाच्या, म्हणजे बंडप्पाच्या, दारात येऊन बसायची. अशात हिप्परवाडीच्या शिवप्पांची शुभांगी "मला पुणं नको" म्हणाली, आणि विरेशचा फोटो बघून "येऊ देत बघायला" असंही म्हणाली. स्थळ बंडप्पानं काढलेलं. जमलं असतं तर अक्काचं रडणं थांबलं असतं, भावकीत बंडप्पाचा शब्द वर गेला असता आणि लग्नात मामाचा फेटा हक्काचा.

यात बस कुठून आली, ते सांगतो.

लोहाऱ्यात सिमेंट-सळईचे दुकानदार मल्लिकार्जुन आहेत. ईटच्या एका शेतात त्यांना पुढं नाक असलेली जुनी एसटी सापडली. चाकं नव्हती, आत कडबा भरलेला. ती उचलून आणून त्यांनी तिच्यावर असा काही जीव लावला, की "नाक तर मलाबी हाय की" असं त्यांची बायको म्हणाली म्हणतात. वर्षातून एकदा, हिवाळ्यात, ते बस रस्त्यावर काढतात. त्या दिवशी पुण्या-सोलापुराहून बसप्रेमी येतात. त्यांच्या प्रेमाबद्दल शंका नाही. लाल रंगाची छटा, भोंग्याचा सूर, पत्र्याचे रिबिट, यावरून ते सख्ख्या भावांसारखे भांडतात. फक्त एक गोष्ट त्यांच्या प्रेमात बसत नाही, ती म्हणजे बसमध्ये बसणं. आत बसलं की बस दिसत नाही. म्हणून सगळे मोटारसायकलींवर आणि गाड्यांमध्ये पुढं-मागं, कॅमेरे रोखून, आणि बस आपली रिकामी धावते. मागच्या वर्षीची फिल्म बघून कुणीतरी म्हटलं, भुतांची सहल वाटते. म्हणून यंदा मल्लिकार्जुनांना प्रवासी पाहिजे होते, आणि फेरा होता लोहारा ते हिप्परवाडी.

बंडप्पाला हे कळलं तेव्हा तो चहा पीत होता. कप तसाच ठेवून तो सळईच्या दुकानात गेला.

"किती माणसं पाहिजेत?"

"जितकी भेटतील तितकी."

"आमी पाच हाय. भाडं?"

"भाडं कसलं बंडप्पा! फकस्त बसायचं. कुमार सांगंल तिथं बसायचं, उतरा म्हनंल तवा उतरायचं. शूटिंग हाय."

"दिला शब्द," बंडप्पा म्हणाला. फुकटात शब्दाशिवाय काही जात नाही, असा त्याचा हिशेब.

पाच म्हणजे बंडप्पा, त्याची बायको महेश्वरी, शिवम्मा, विरेश आणि मी शेजारी. मुलगी बघायला जाताना माणसं सम असू नयेत, म्हणून मला घेतलेलं. विरेश एवढंच म्हणाला, "मामा, ह्या टायमाला जीपनं जाऊ."

"गप. जीपनं कुनीबी जातंय. शिवप्पाची अख्खी गल्ली वेशीत बघत उभी राहिली पाहिजे!" आणि खरंच बंडप्पानं हिप्परवाडीला फोन लावला. "वेशीतच थांबा सगळे. आमची गाडी बघण्यासारखी हाय." एक अट मात्र शिवप्पांनी घातली. साडेचारला राहुकाळ लागतो, त्याच्या आत पाय घराला लागले पाहिजेत. बंडप्पा हसला. अंतर असं, की दुपारी दोनला निघालेला म्हातारा चालतसुद्धा वेळेत पोचला असता.

बस निघाली दोनलाच. स्टेअरिंगवर मल्लिकार्जुनांच्या ट्रकवरचा मल्लेश होता. कंडक्टर म्हणून पुण्याचा कुमार, कॉम्प्युटरवर काम करणारा, अंगात खाकी, गळ्यात शिट्टी, हातात मोबाईल. त्यानं आत येऊन आमच्यावर नजर फिरवली आणि विरेशपाशी थांबला.

"दादा, हा कोट नाही चालणार. त्या काळात गावातला माणूस कोट घालून बसायचा नाही."

"मी मुलगी बघायला चाललोय," विरेश म्हणाला.

"अरे वा! अभिनंदन. पण कोट काढा."

कोट काढला. डोक्यावर जुनी टोपी आली. पुढच्या वळणावर सिदू धनगर हात करून उभा होता. त्याला हिप्परवाडीच्या पाव्हण्याला कोंबड्या द्यायच्या होत्या. त्याची कोंबड्यांची वेताची डालगी बघून कुमारचे डोळेच लकाकले. "ही खिडकीत पाहिजे! दादा, तुम्ही घ्या मांडीवर."

शिवम्मा ताडकन उठली. "अय्यो शिवा! आमी लिंगायत हाय, कोंबडं शिवत न्हाय. पोरगं पोरगी बघायला चाललंय, अन् मांडीवर कोंबड्या?"

"दोन मिनिटं, काकू."

बंडप्पानं बहिणीचा पदर ओढून तिला खाली बसवलं. "अक्का, शब्द दिलाय. पोचायच्या आधी देऊ की सिदूला."

सिदूला मागच्या बाकावर बसवलं आणि कोंबड्या विरेशच्या मांडीवर आल्या. विरेशनं मांडी जुळवून घेतली.

मग प्रवास सुरू झाला असं म्हणायला हरकत नाही, पण तो कुठल्या दिशेनं झाला ते सांगणं अवघड आहे. पहिल्या लिंबाच्या झाडाला बस पुढं गेली. फोटो आले. "मागे घ्या, पुन्हा एकदा!" कुमार खाली उतरून पत्र्यावर थाप मारत "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या" करत बस मागं न्यायचा. मग बस पुन्हा पुढं. मधे कुणाची मोटारसायकल आली. पुन्हा मागं. पुलावर तसंच. पुलाच्या पलीकडे कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स होता, तो त्या काळात नव्हता म्हणून दोघं वर चढून त्याच्यावर चादर धरून उभे राहिले, मग ती चादरच फोटोत आली. पुन्हा मागं.

"आवो, मागंच जायाचं आसंल तर लोहाऱ्यातच बसलो असतो की," महेश्वरी म्हणाली.

तीन वाजता कुमार म्हणाला, धूळ नाही. रस्ता आता डांबरी आहे, यात बसची काही चूक नव्हती. पण धुळीशिवाय जुनं वाटत नाही म्हणून बस शेतातल्या कच्च्या वाटेला घातली. धूळ मिळाली. ती सगळी आमच्या अंगावर बसली. शिवम्मानं इस्त्रीच्या इरकलीकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

बंडप्पा मल्लेशच्या मागं जाऊन उभा राहिला. "मल्लेश, बाबा, किती वाजले?"

"मला न्हाय विचारायचं. त्यांनी म्हनलं थांब, का थांबायचं. त्यांनी म्हनलं मागं, का मागं. म्या तर घड्याळाकडं बघतच न्हाय."

"कुमार साहेब, आमाला साडेचारच्या आत—"

"हो काका, आठवण आहे. फक्त ऊन जरा तिरपं होऊ द्या."

"ऊन तिरपं होतंय तवर आमचं सरळ वाकडं होतंय!"

कुमार हसला. बसप्रेमींना गावाकडच्या माणसांची बोली फार आवडते. त्यानं बंडप्पाला तेच वाक्य पुन्हा बोलायला लावलं, कॅमेऱ्यासमोर. बंडप्पा बोलला. शब्द दिलेला होता ना.

एवढं होऊनसुद्धा नशीब थोर म्हणायचं. सव्वाचारला हिप्परवाडीची वेस दिसली. शिवम्मानं हात जोडले. महेश्वरीनं पदराच्या ओल्या टोकानं विरेशच्या कपाळावरची धूळ पुसली. वेशीत खरंच गल्ली लोटलेली. पुढं शिवप्पा, पांढरा शर्ट. शेजारी त्यांची थोरली बहीण गजराबाई, हातात पाण्याचा तांब्या आणि वाटीत गूळ. मागं पोरं, म्हातारी माणसं. एका घराच्या गच्चीवर निळ्या साडीत एक मुलगी एकटीच उभी होती. विरेश खिडकीतून तिच्याकडेच बघत होता. कोंबड्याही बघत होत्या. त्या सिदूला द्यायचं गडबडीत सगळेच विसरले.

भोंगा वाजला. बस वेशीत थांबली. गजराबाई तांब्या घेऊन दोन पावलं पुढं आली.

"कट!" खाली उतरलेला कुमार ओरडला. "सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत! बसकडे बघा, बसकडे! मल्लेश, मागे घ्या. एन्ट्री पुन्हा!"

बंडप्पा दाराकडे धावला. ते दार बाहेरूनच उघडायचं, कुमारसाठीसुद्धा दर वेळी खालचे कॅमेरेवालेच उघडायचे. आतली कडी मल्लिकार्जुनांना मूळची मिळाली नव्हती आणि नवी बसवली तर अस्सलपणा जातो, म्हणून बसवलीच नव्हती. बंडप्पा पत्रा बडवू लागला. "आरं थांब! पोचलो! आमी पोचलो!" बाहेर थापा मारणाऱ्या कुमारला वाटलं, आतून साथ मिळतेय. "येऊ द्या, येऊ द्या!" शिवम्मा खिडकीच्या गजांतून दोन्ही हात हलवत होती, "आलो आमी, आलो!" म्हणून. पण इंजिनाच्या आवाजात शब्द गेले आणि हात तेवढे दिसले. बाहेरून बघणाऱ्याला तो निरोप वाटला. पाहुणे वेशीपर्यंत आले, गल्ली बघितली, माणसं बघितली, हात हलवला आणि माघारी गेले.

मी विरेशकडे बघत होतो. तो डालगी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसला होता, हलून पडू नये म्हणून.

बस वळणाच्या मागं गेली. तिथं शेळ्यांचा कळप आडवा आला. तो जाऊ दिला. मग ड्रोन लिंबाच्या झाडात अडकला. तो काढला. बस पुन्हा वेशीत आली तेव्हा घड्याळ साडेचारच्या पुढं गेलं होतं. वेशीत एक कुत्रं होतं आणि कट्ट्यावर तांब्या होता.

"अरे, माणसं कुठं गेली?" कुमार म्हणाला. "रिकामं दिसतंय."

बंडप्पानं त्याला जे उत्तर दिलं ते कन्नडमध्ये होतं, आणि ते तसंच राहू दे.

सिदूच्या हातात डालगी देऊन आम्ही घराकडे गेलो. शिवप्पा माणूस भला. त्यांनी ओसरीवर सतरंजी टाकली, चहा दिला. चहा दिला म्हणजे संबंध तोडला नाही. पोहे दिले नाहीत म्हणजे जोडलाही नाही. बंडप्पा समजावून सांगू लागला: बस, शूटिंग, दाराची कडी. सांगताना त्यालाच ते खोटं वाटायला लागलं.

गजराबाई उंबऱ्यात बसून ऐकत होती. "कोंबड्यांचं तर म्या पोटात घातलं आसतं," ती म्हणाली, आणि कुणी हसायची हिंमत केली नाही. "पण वेशीवरनं माघारी गेलेलं पाव्हणं? त्येबी हात हलवून? आन् आता राहुकाळात परत आलं. ह्याला काय म्हणायचं, तुमीच सांगा."

"आत्या, मागं त्यांनी न्हाय नेलं," आतून आवाज आला, आणि निळी साडी दारात आली. शुभांगी. "त्या शिट्टीवाल्यानं नेलं. म्या गच्चीवरनं सगळं बघितलंय."

शिवम्माच्या जिवात जीव आला. बंडप्पा अर्धा उठला. "बघा! पोरगी हुशार हाय, बघा!" क्षणभर मलाही वाटलं, फेटा जमला.

पण शुभांगी मामाकडे बघतच नव्हती. ती विरेशला म्हणाली, "एक विचारू? गाडी मागं चालली तवा तुमी का न्हाय थांबवली?"

विरेशनं मान वर केली. "खिडकीला गज होते."

"तोंडाला तर नव्हते ना?"

विरेशनं बंडप्पाकडे बघितलं, मग म्हणाला, "मामांनी शब्द दिला होता. ते म्हणतील तवाच उतरायचं, असा."

शुभांगीनं ऐकून घेतलं. हसली नाही, चिडलीही नाही. कपबशा गोळा करता करता म्हणाली, "मग पुढचंबी मामांलाच विचारा. मला ज्याला विचारायचं होतं, त्याला विचारून झालं."

गजराबाईला समजावता आलं असतं. राहुकाळ सहाला संपणारच होता. शुभांगीच्या बोलण्यावर मात्र बंडप्पा सतरंजीवरून उठला आणि चपला शोधू लागला.

बाहेर आलो तर बस गेलेली. ऊन हवं तसं तिरपं झालं होतं, त्यामुळं थांबणं त्यांना शक्य नव्हतं, असं मल्लिकार्जुनांनी नंतर सांगितलं. शिवप्पांनी भोपळे भरून लोहाऱ्याला जाणारा पुतण्याचा पिकअप थांबवला. भोपळ्यांत बसून आम्ही घरी आलो. वाटेत फक्त शिवम्मा बोलली. "बंडप्पा, तुझ्या त्या शब्दाला आग लागो." एवढंच. दुसऱ्या दिवसापासून ती संध्याकाळी त्याच्या दारात बसायची बंद झाली. आता ती त्याच्या घराकडे बघतही नाही.

फिल्म आली. चांगली झाली म्हणतात. वेशीतली पहिली एन्ट्रीच त्यांनी ठेवली आहे. सगळे कॅमेऱ्याकडे बघतात, फक्त खिडकीतला एक टोपीवाला गच्चीकडे बघतो, आणि तेच बसप्रेमींना फार अस्सल वाटलं. बंडप्पाचं तिरप्या उन्हाचं वाक्य हजारोंनी ऐकलं. मल्लिकार्जुनांना बससाठी आणखी दोन गावांनी बोलावलं. सिदूच्या एका कोंबडीनं प्रवासात अंडं घातलं, तेही त्याला मिळालं. मलासुद्धा घरी आल्यावर एक भोपळा मिळाला.

भाडं म्हणून फक्त बसायचं, असं ठरलं होतं. बसलो आम्ही पाच जण. ते भरलं मात्र एकट्या विरेशनं, पाचांचं.