हार घातलेला आकडा

मित्रांनो, आदिलाबादच्या बाजारात जाळी आणि गळ विकणारे एक दुकान आहे. त्याच्या चौकटीत ठोकलेला जुना लोखंडी आकडा तो मी. नार्नूरच्या लोहाराने बैलगाडीच्या चाकाच्या मोडक्या लोखंडी धावेतून मला घडवले, म्हणून मी जरा ओबडधोबडच आहे. उंच गिऱ्हाइकांची डोकी माझ्यावर आपटतात आणि वर शिव्याही मलाच बसतात.

मला इथे आणले बापूजींनी. तरुणपणी ते काकिनाड्याला समुद्रकाठच्या जाळ्यांच्या दुकानात कामाला होते. परतल्यावर त्यांनी हे दुकान थाटले आणि तिथली एक रीत पाळली. दोर विकायचा तो फास बांधूनच. गाठ तांब्यातल्या पाण्यात भिजवायची, फास माझ्यात अडकवायचा आणि पाय चौकटीला लावून अंगाच्या सगळ्या भाराने ओढायचा. गाठ सरकली की दुकानदार धपकन आपटायचा, गिऱ्हाईक पोट धरून हसायचे आणि गाठ पुन्हा बांधली जायची. बापूजींच्या मागे त्यांचे चिरंजीव पांडुरंगराव तसेच आपटत आले. मला माझ्या कामाचा फार अभिमान होता.

तीन वर्षांपूर्वीची खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारांची पूजा होते आणि पुजलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत कामाला लावत नाहीत. पांडुरंगरावांच्या पत्नी विमलबाई यांनी मला हळदकुंकू लावून झेंडूचा हार घातला. मी अगदी फुशारून गेलो. तेवढ्यात नागनाथ आला. हवा भरलेल्या ट्यूबवर बसून तो पैनगंगेत मासे धरायचा. ट्यूब वाहून जाऊ नये म्हणून तिचा दोर कमरेला बांधायचा. तो दोर तुटला होता.

पांडुरंगरावांनी नवा दोर कापला, फास बांधला, माझ्याकडे पाहिले आणि थबकले.

"आज आकडा पुजला हाय, नागनाथ. उद्या वढून देतो."

"उद्यापर्यंत जाळ्यातल्या मासोळ्या सडून जातीन ना, सेठ. द्या तसाच. तुमची गाठ हाय, सुटते काय?"

त्यांनी तो तसाच दिला.

दसऱ्याला सकाळी ट्यूब काठाला लागलेली सापडली. दोराच्या टोकाला फास नव्हता. नागनाथ दोन कोस खाली सापडला.

हार माझ्या अंगावरच वाळला. पुढे तो काढला, पण मला तो अजून जाणवतो. जो हिसका त्या दिवशी मला बसला नाही, तो आता रोज बसतो. दुकानात कोणी नसताना माझी मान खाली ओढली जाते. मला भीती वाटते. पांडुरंगरावांचेही तसेच असावे. सकाळी शटर उघडले की ते कोणाला विकायचा नसलेला दोर माझ्यात अडकवतात आणि ओढत राहतात.

यंदाच्या खंडेनवमीला विमलबाई हार घेऊन आल्या आणि तेव्हाच नागनाथची बायको जयवंताबाई दारात उभी राहिली. आता नदीत तीच उतरते.

"दोर पाह्यजे. फास वढून द्या."

पांडुरंगरावांनी दोर कापून फास बांधला. तीन वर्षे गिळून ठेवलेले त्यांच्या तोंडून बाहेर पडले. "जयवंताबाई, त्याचा दोर मी वढला नवता. आकड्याले हार होता."

"मले मालूम हाय. घरी येऊन त्यायनं सांगतलं होतं. मीच म्हनलं, जा, पांडुरंगरावाची गाठ हाय. म्हून तं मी आजच आली. आज वढा."

विमलबाईंनी हार खाली ठेवला. पांडुरंगरावांनी गाठ भिजवली, फास अडकवला आणि ओढला. गाठ सरकली. ते धपकन आपटले. कोणीही हसले नाही. जयवंताबाईने त्यांना हात देऊन उठवले. त्यांनी नवी गाठ बांधली आणि या वेळी दोघांनी मिळून ओढले. ती टिकली.

जयवंताबाई तो दोर घेऊन नदीवर गेली. ती परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला आहे. मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे कोणी असेल, तर त्याची पूजा जरूर करा. पण कोणाला नदीवर जायचे असेल, तर आधी हार काढा आणि दोर ओढून पाहा.