पुस्तकगप्पांचं जाहीर रेकॉर्डिंग

साताऱ्याची शरयू आणि सांगलीची पद्मावती, दोघी एक्क्याण्णव सालापासून कॅसेटवर पुस्तकांविषयी भांडत होत्या, पण एकमेकींचं तोंड काही त्यांनी पाहिलं नव्हतं. शरयू कॅसेटची एक बाजू बोलून एसटीनं पाठवायची, पद्मावती दुसऱ्या बाजूवर उत्तर द्यायची. मग त्या कॅसेटच्या प्रती निघायच्या आणि रहिमतपूरपासून कुपवाडपर्यंत लोक त्या हौसेनं ऐकायचे. पद्मावतीच्या सासरी मात्र 'सूनबाईचा नाद' एवढीच त्याची किंमत.

आज सांगलीच्या एका वाचनालयात दोघी पहिल्यांदा भेटल्या, तेही भरल्या सभागृहात, श्रोत्यांसमोर गप्पा रेकॉर्ड करायला. आवाजावरून शरयू धिप्पाड वाटायची, निघाली पद्मावतीच्या खांद्याएवढी. दोघी पोट धरून हसल्या. वाचनालयाचे अध्यक्ष गंगाधरपंत तेवढे हसले नाहीत. मागच्या कॅसेटमध्ये पद्मावतीनं त्यांच्या कादंबरीची पार चिरफाड केली होती. त्यांनी तिला बाजूला घेतलं.

"आज चार चांगले शब्द बोला. तुमचे सासरे पुढंच बसलेत. आमची जुनी मैत्री आहे."

सासरे पायगोंडाअण्णा खरोखरच पहिल्या रांगेत होते, टोपी नीट करत. लग्न झाल्यापासून या माणसापुढं पद्मावतीनं कधी आवाज चढवला नव्हता.

रेकॉर्डर सुरू झाला आणि पहिल्याच झटक्यात घोळ झाला. शरयू सवयीनं अख्खी बाजू एकटीच बोलत सुटली आणि पद्मावती सवयीनं गप्प ऐकत बसली. मध्येच तोंड घालायचं असतं, हे दोघींच्या ध्यानातच येईना! श्रोते फिदीफिदी हसू लागले. तेवढ्यात गंगाधरपंतांनी माईक ओढून घेतला.

"पद्मावतीबाई गप्प आहेत. माझ्या कादंबरीबद्दलचं मत त्यांनी बदललेलं दिसतंय."

टाळ्या पडल्या. अण्णांनीही वाजवल्या. पद्मावतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपलं मत दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला ती इथं आली होती होय!

"न्हाई बदललं," ती म्हणाली. माईक नव्हता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. "तुमच्या कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात त्या बाईचं लग्न ठरतं, घर विकतात, पोरीला शाळेतनं काढतात. तुला काय वाटतं, असं तिला एकदा तरी कुणी विचारलं? मला न्हाई आवडली ती कादंबरी. लय राग आला वाचताना."

"बंद करा ते यंत्र!" गंगाधरपंत कडाडले.

शरयूनं रेकॉर्डर उचलून मांडीवर घेतला. "चालू आहे. बोल गं तू."

आता अण्णा उठले. चेहरा लालबुंद.

"पद्मा, लय झालं. चल घरला."

पद्मावती उठली. शरयूचं तोंड उतरलं. पण पद्मावतीनं टेबलावरची गंगाधरपंतांची कादंबरी उचलली आणि पानं चाळू लागली.

"आवं अण्णा, तुमी व्हा म्होरं," ती म्हणाली. "मी आत्ता पहिल्याच प्रकरणावर बोललेय. अजून अकरा हायत."